वाचकांचे प्रश्न: जुनी बस, एक दिवस, आपल्या हातात

मागच्या अंकात जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या की इंग्लंडमध्ये जुन्या प्रवासी बस एका दिवसापुरत्या चालवायला मिळतात, म्हणजे मागे बसून फिरायला नाही, स्वतः स्टिअरिंगवर बसून, आणि मी एकदा बेडफर्ड (तिकडच्याच एका कंपनीची जुनी बस) चालवून आलोय. त्यावर एवढी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. मायलेजवाले आणि "पांढरी घेऊ की ग्रे"वाले, तुम्ही पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न: माझे वडील एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते, कराड डेपो. चिपळूण लाइनला कुंभार्ली घाटात त्यांची अर्धी नोकरी गेली. आता ६७ वर्षांचे आहेत, मे महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे येतायत. तुमचं वाचून वाटलं की त्यांना हेच गिफ्ट द्यावं. पण भाऊ म्हणतो आयुष्यभर तेच केलं माणसाने, आता सुट्टीत पण बसच चालवायला लावतेस का. शिवाय त्यांचं लायसन्स इथे चालेल का? आणि कुठली गाडी घेऊ? फोटोत तर लाल डबल डेकर सगळ्यात भारी दिसते. (कराडची लेक, सध्या लेस्टर)

उत्तर: ताई, आधी लायसन्सचं उरकून टाकू, कारण ते कोरडं आहे. भारतातून पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला आपल्या लायसन्सवर तिकडे १२ महिने कार चालवता येते, पण तिकडच्या नंबरची बस रस्त्यावर चालवता येत नाही, मग त्याने कुंभार्ली घाट हजार वेळा उतरलेला असो. म्हणूनच हे दिवस बहुतेक बंद पडलेल्या विमानतळांच्या धावपट्टीवर किंवा तशाच खासगी जागेत असतात. तिथे रस्त्याचा नियम लागत नाही, आयोजकाचा विमा असतो आणि त्याच्या अटी असतात. त्या अटींत वयाची वरची मर्यादा आहे का, आणि परदेशी लायसन्स दाखवलं तर चालेल का, हे दोन प्रश्न पैसे भरायच्या आधी ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवर नको, फोनवर सगळे "हो हो" म्हणतात.

तुमच्याकडे तिकडचं कारचं लायसन्स असेल तर एक गंमत सांगतो. ब्रिटनमध्ये ३० वर्षांपेक्षा जुनी बस, भाड्याने वापरत नसाल आणि ८ पेक्षा जास्त प्रवासी नसतील, तर साध्या कारच्या लायसन्सवर रस्त्यावर चालवायची कायद्याने सोय आहे. म्हणजे कागदावर तुम्ही चालवू शकता आणि अण्णा (कराडकडचे म्हणून अण्णाच म्हणतो, चुकलं असेल तर माफ करा) चालवू शकत नाहीत. हे त्यांना सांगू नका, दिवस खराब होईल.

आता गाडी. फोटो बघून लाल डबल डेकर घेऊ नका. लंडनची ती रूटमास्टर दिसायला राणी आहे, पण तिला क्लचच नाही. पॉवर स्टिअरिंग आहे, गिअर सेमी ऑटोमॅटिक, दांडी बोटाने सरकवली की काम झालं. ज्या माणसाने ३१ वर्षं डाव्या पायाने रोजी कमावली त्याला ती गाडी म्हणजे जेवायला बोलावून नुसतं सरबत देण्यासारखं. अण्णांसाठी क्रॅश गिअरबॉक्सची गाडी बघा, म्हणजे ज्यात सिंक्रोमेश (आतल्या चाकांचा स्पीड आपोआप जुळवणारी सोय) नाही आणि डबल क्लच (एका गिअरसाठी क्लच दोनदा) मारल्याशिवाय गिअर पडत नाही अशी. जुन्या लेलँडवर काम केलेल्या ड्रायव्हरला हे वेगळं शिकवावं लागत नाही, पायातच असतं ते.

आणि जमलं तर बेडफर्डच शोधा, त्याला एक कारण आहे. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला (आता अहिल्यानगर) एसटीची पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडी, ३० सीट, काथ्याच्या गाद्या. ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे, ही दोन नावं जुन्या एसटीवाल्यांना पाठ असतात, अण्णांना विचारून बघा. तेव्हाच्या गाड्या लाल पण नव्हत्या, निळ्या आणि वर चंदेरी. म्हणजे बाकीच्यांना जी "व्हिंटेज कोच" वाटते ती अण्णांच्या खात्याची पहिली गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीची. ही गोष्ट गाडीत बसायच्या आधी सांगा, नंतर सांगितली तर मजा जाईल.

तिकडे जी बेडफर्ड जास्त दिसते ती ओबी मॉडेलची, १९३९ मध्ये आली, लढाईत थांबली आणि १९४५ नंतर पुन्हा सुरू होऊन साधारण १९५० पर्यंत निघाली. बारा हजारांच्या वर बनल्या. पुढे लांब बॉनेट, गोल पाठ, २९ सीट, ६ सिलिंडरचं साडेतीन लिटर पेट्रोल इंजिन आणि ताकद किती तर ७२ हॉर्सपॉवर. आजकाल सोसायटीतल्या छोट्या एसयूव्हीला याहून जास्त असते. त्या ७२ घोड्यांवर २९ माणसं आणि त्यांचं सामान डोंगर चढायचं, म्हणून तर गिअर नीट वापरावा लागायचा.

राहिलं भावाचं म्हणणं. मला वाटतं तो एका अर्थी बरोबर आहे. एसटीतल्या माणसाला बस चालवणं म्हणजे पहाटेची ड्युटी, वस्तीची गाडी, टायमिंग, डिझेल जास्त जळलं म्हणून डेपोत बोलणी, आणि सुट्ट्या पैशावरून पॅसेंजरची कटकट. ते कुणाला पुन्हा नको असतं. पण मोकळ्या धावपट्टीवर मागे पॅसेंजर नाही, पुढे म्हैस नाही, कुणी "ओ मास्तर इथं थांबवा" म्हणत नाही, नुसती गाडी आणि आपण, हे त्यांना ३१ वर्षांत एकदा तरी मिळालं असेल का? तरीपण सरप्राइज देऊ नका. विचारा. नको म्हणाले तर सोडून द्या. हो म्हणाले तर बुकिंग करतानाच कळवा की येणारा माणूस धंद्यातला आहे, नाहीतर इन्स्ट्रक्टर पहिली पंधरा मिनिटं "हा क्लच, हा ब्रेक" सांगत बसेल आणि अण्णा सभ्यपणे ऐकत बसतील आणि ती पंधरा मिनिटं तुमच्या पैशातली असतील.

प्रश्न: वॅगनआरच्या पुढे काही चालवलेलं नाही, तीपण आता ऑटोमॅटिक घेतली. ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामाने मँचेस्टरला जातोय, शनिवार मोकळा आहे. मला हे जमेल का? गिअरबॉक्स मोडला तर भरपाई मागतील का? आणि हा डबल क्लच म्हणजे नक्की काय, यूट्यूबवर बघून डोकं फिरलं. (बाणेर, पुणे)

उत्तर: जमेल. सुंदर जमणार नाही, पण जमेल.

डबल क्लच डोक्याने समजून घ्यायला सोपा आहे, पायाला वेळ लागतो. आपल्या आजच्या गाडीत गिअर टाकताना आत दोन चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरत असतात, त्यांचा स्पीड जुळवून द्यायचं काम सिंक्रोमेश करतं, आपल्याला कळतही नाही. जुन्या गाडीत ते काम आपलं. वरचा गिअर टाकायचा असेल तर क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, आणि आता थांबा, इंजिनचा आवाज खाली येईपर्यंत थांबा, मग पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर. खाली यायचं असेल तर उलटं, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून थोडी रेस द्यायची, आवाज वर चढला की क्लच दाबून खालचा गिअर. क्लच दोनदा, म्हणून डबल क्लच. बस, एवढंच. आता हे सगळं करताना गाडी चालू आहे, समोर वळण येतंय आणि शेजारी एक म्हातारा ब्रिटिश माणूस बसलाय जो काहीच बोलत नाहीये, हे धरून चाला.

माझं काय झालं ते सांगतो. रिमझिम पाऊस, जुनी धावपट्टी, मध्ये मध्ये भेगांतून गवत आलेलं, नारिंगी कोन लावलेले. बेडफर्डच्या दांडीचा गोळा इतका झिजलेला की त्यावर गिअरचे आकडे असतील तर ते कधीच पुसले गेलेत. पहिला-दुसरा ठीक पडला. दुसऱ्यावरून तिसरा टाकताना मी घाई केली, पुण्याची सवय, न्यूट्रलला थांबायचं ते थांबलोच नाही, आणि खालून असा आवाज आला की जणू कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे भरून हलवतंय. हात आपोआप मागे आला. मी म्हटलं सॉरी. इन्स्ट्रक्टर (चाळीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला माणूस) खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, सॉरी मला नको म्हणू, तिला म्हण. मग म्हणाला डोळे गिअरवरून काढ आणि कान लाव. पुढच्या फेरीला त्याने मला प्रत्येक वेळी न्यूट्रलला आल्यावर मोठ्याने "एक... दोन" म्हणायला लावलं, मराठीतच म्हणत होतो, त्याला चाललं. दोनच्या शेवटाला दांडी ढकलली की आत जायची, लोण्यात सुरी गेल्यासारखी, काही आवाज नाही, काही जोर नाही. खरं सांगतो, त्या एका तिसऱ्या गिअरसाठी मी पुन्हा पैसे भरीन.

बेडफर्ड ओबी चालताना गिअरबॉक्स गुणगुणतो, एक लांब सूर असतो, प्रत्येक गिअरला वेगळ्या पट्टीत. जुने लोक लांबून नुसत्या त्या आवाजावरून गाडी ओळखायचे. तो सूर ऐकायला लागलात की मोजायची पण गरज नाही, सूर किती उतरला की गिअर पडतो ते कानाला कळतं.

मोडायची भीती सोडा. करकर झाली म्हणून गिअरबॉक्स मोडत नाही, त्यांच्याकडे तुमच्याहून वाईट लोक येऊन गेलेत. फक्त अडलेली दांडी जोर लावून घुसवू नका. नाही पडला तर न्यूट्रल, थांबा, पहिल्यापासून. आणि स्टिअरिंग जागेवर उभ्या गाडीत फिरवू नका, पॉवर नाही, खांदे उतरतील. गाडी जरा सरकू द्या मग फिरवा, एका बोटाने नाही पण दोन हातांनी आरामात फिरतं. भरपाईचं म्हणाल तर विम्याच्या कागदात "एक्सेस" म्हणून एक रक्कम असते, म्हणजे नुकसान झालंच तर पहिले एवढे पैसे तुमचे, ती किती आहे आणि ती माफ करायला वेगळे पैसे लागतात का, हे बघून मग सही करा.

प्रश्न: दादरला वाढलो, शाळेत बेस्टच्या डबल डेकरने जायचो, वरती पुढची सीट पकडायला मारामारी. ड्रायव्हरची ती पुढची वेगळी खोपटी आठवते. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिझेल डबल डेकर धावली त्या दिवशी मुद्दाम अंधेरीला गेलो होतो. तुम्ही रूटमास्टरला नावं ठेवलीत असं मित्राने सांगितलं (तुम्ही त्याच्याशी बोलला होतात म्हणे). मला तीच चालवायचीय. (सध्या डोंबिवली)

उत्तर: मग तीच चालवा! मी नावं ठेवली ती अण्णांसारख्या माणसासाठी, तुमच्यासाठी नाही. तुमची ओढ वेगळी आहे आणि तुमच्या मित्राने अर्धंच सांगितलं.

बेस्टने मुंबईत डबल डेकर आणल्या १९३७ मध्ये, आणि त्या खोपटीला म्हणतात हाफ कॅब, पुढचा अर्धा भाग ड्रायव्हरचा आणि अर्धा इंजिनचा. रूटमास्टर पण तशीच. फेब्रुवारी १९५६ मध्ये लंडनच्या रस्त्यावर आली, १९६८ पर्यंत बनत राहिली, एकूण २,८७६ गाड्या. बॉडी ॲल्युमिनियमची, त्यामुळे ६४ सीटची दुमजली गाडी असूनही रिकामी साधारण साडेसात टनच. ठरवलं होतं तेवढ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालली, रोजच्या ड्युटीवरून शेवटची उतरली ती ९ डिसेंबर २००५ ला, १५९ नंबरच्या रूटवर.

चालवायला ती सोपी आहे, हे खरंच. क्लच नाही, स्टिअरिंग हलकं. अवघड काय तर एकटेपण. त्या खोपटीत तुम्ही एकटेच चढता, बाहेरून, पायरीला पाय लावून, आणि दार लावलं की संपलं. इन्स्ट्रक्टर शेजारी बसूच शकत नाही, जागाच नाही. ट्रेनिंगच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या पाठची काच काढलेली असते आणि तो मागून त्या भोकातून बोलतो. मी एकदा दहाच मिनिटं बसलो होतो, सारखं वाटत होतं मागे सासरे उभे आहेत.

दुसरं म्हणजे वळण. कारमध्ये पुढची चाकं आपल्या पुढे असतात, इथे तुम्ही जवळजवळ चाकाच्या वरच बसलेले असता, त्यामुळे कारच्या सवयीने वळवलं तर लवकर वळवता, आणि मागची चाकं आतून कट मारून कोन उडवतात. नाक वळणाच्या पुढे जाऊ द्या, वाटेल उशीर झाला, तरी थोडं जाऊ द्या, मग फिरवा. आणि डोक्यावर अजून एक मजला आहे हे विसरायला होतं, धावपट्टीवर हरकत नाही म्हणा, तिकडे झाडं नसतात.

जायच्या आधी सायनजवळ आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे एक चक्कर मारा. काही नाही तर जुनी तिकिटं आणि पंच बघून या.

प्रश्न: माझी उंची पाच फूट. पाय पोचतील का? आणि साडी नेसून चालेल का, फोटोसाठी विचारतेय. (चिपळूण)

उत्तर: पाय पोचायचं सांगता येत नाही कारण जुन्या गाड्यांच्या सीट बऱ्याचदा पुढे-मागे सरकत नाहीत, म्हणून बुकिंगला उंची कळवा, पाठीला उशी लावून काम होतं आणि ते लोक ती ठेवतात. साडीत फोटो काढा, चालवताना नको, क्लचच्या पेडलमध्ये काठ अडकला तर मला दोष द्याल. पायात पातळ तळाचे साधे बूट किंवा कॅनव्हास. जाड सोलचे स्पोर्ट्स शूज मी घातले होते, क्लच कुठे पकडतो तेच कळेना.

प्रश्न: मुलाने वाढदिवसाला व्हाउचर पाठवलंय, "हाफ डे कोच ड्रायव्हिंग". आम्ही दोघं दिवाळीनंतर जाणार. काय काय बघून घ्यावं? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर: पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, स्टिअरिंग माझ्या हातात किती मिनिटं? "हाफ डे"ला भुलू नका. माझा पण हाफ डेच होता. सकाळी साडेनऊला बोलावलं, चहा, सह्या, सेफ्टीचं भाषण, मग गाडीचा इतिहास, मग माझ्यासारखे अजून पाच जण, प्रत्येकाची पाळी, आणि शेवटी हिशोब केला तर चार तासांत मी सीटवर होतो २० मिनिटं. नाव घेत नाही, माणसं चांगली होती, चहा पण चांगला होता, पण जाहिरातीत ती २० मिनिटं कुठेच लिहिलेली नव्हती. तेव्हा मिनिटं विचारा, आणि गाडीत एका वेळी किती शिकाऊ असतील ते विचारा. खरं तर दुसऱ्याच्या पाळीत मागे बसून पण बरंच कळतं, दुसऱ्याची करकर ऐकून आपली सुधारते, पण ते आपल्याला आधी माहीत असावं.

दुसरं, व्हाउचरवर गाडीचं नाव आहे का बघा. नुसतं "व्हिंटेज कोच" असेल तर त्या दिवशी जी चालू असेल ती मिळेल. सत्तर-ऐंशी वर्षांच्या गाड्या आहेत, कधी एखादी रुसते, हे समजून घ्यायला हवं, पण बदली म्हणून काय देणार ते विचारून ठेवा. तिसरं, दिवाळीनंतर म्हणजे तिकडे नोव्हेंबर, चार वाजता अंधार आणि गाडीत हीटर असेलच असं नाही. सकाळची वेळ घ्या, थर्मल घाला, पण हातमोजे काढून चालवा, दांडी हाताला कळली पाहिजे.

वहिनींचं काय? त्यांच्यासाठी बेडफर्डसारखी गाडी बरी, कारण ड्रायव्हर आणि पॅसेंजर एकाच डब्यात असतात, मागच्या सीटवर बसून तुमच्यावर हसता येतं. रूटमास्टरमध्ये तुम्ही पुढे कोंडलेले आणि त्या मागे, काही बोलणंच नाही. (काही जोडप्यांना हे उलट सोयीचं वाटेल.)

प्रश्न: भारतात हे करता येईल का? माझ्या ओळखीत एक जुनी बस धूळ खात पडलीय. (कोल्हापूर)

उत्तर: खासगी, कुंपण असलेल्या जागेत, मालकाच्या परवानगीने आणि जाणत्या माणसाला शेजारी बसवून चालवलीत तर तो तुमचा आणि त्याचा प्रश्न. रस्त्यावर आणायची म्हटली की गोष्ट बदलते. आपल्याकडे कारचं एलएमव्ही लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला चालतं, त्यावरच्या बसला हेवीचं वेगळं लायसन्स लागतं. तिकडच्यासारखी "जुनी आहे म्हणून कारच्या लायसन्सवर चालवा" अशी सूट इथे नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले, ५० वर्षांच्या वरच्या गाड्यांना "व्हीए" अक्षरांची वेगळी नंबर प्लेट वगैरे, पण ते खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत, धंद्याच्या गाड्यांना नाहीत. त्यामुळे ती बस आधी आतून कुजली नाही ना बघा, लाकडी सांगाडा असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लायसन्सची चिंता करायची गरजच उरत नाही.

प्रश्न: माफ करा पण हे सगळं श्रीमंतांचं चोचलं आहे. आमच्या इथे एसटीचा ड्रायव्हर उन्हात घामाघूम होऊन तीच गाडी रोज चालवतो, त्याला पगार वेळेवर मिळत नाही, आणि तुम्ही पौंड भरून तेच करायला जाता आणि वर त्याला "अनुभव" म्हणता. (सोलापूर)

उत्तर: माफी कशाला, मला पण तिथे चहा पिताना हेच वाटलं होतं. माझे मामा मिलमध्ये होते, उद्या कुणी पैसे भरून एक दिवस लूम चालवायला गेला तर त्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण एक सांगतो. त्या दिवशी २० मिनिटांत माझा डावा पाय थरथरायला लागला. मोजून बघितलं नाही पण एका फेरीत आठ-दहा वेळा डबल क्लच, म्हणजे वीस वेळा पेडल, आणि माझ्या फेऱ्या चार. आता घाट घ्या, आठ तासांची ड्युटी घ्या, मागे साठ माणसं आणि टपावर टोपल्या. एसटीत नवीन ड्रायव्हरला जुने सांगायचे, ज्या गिअरवर घाट चढतोस त्याच गिअरवर उतरायचा, ब्रेकवर गाडी सोडायची नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, अर्थ कळला तो त्या धावपट्टीवरच्या छोट्याशा उतारावर, जेव्हा खालचा गिअर पडेना आणि गाडी न्यूट्रलमध्ये पळायला लागली. उतार नावालाच होता, पुढे अर्धा किलोमीटर मोकळा, तरी पोटात गोळा आला. घाटात गिअर नाही पडला तर काय होत असेल, ते तेव्हा समजलं.

पगाराचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. चोचले म्हणा हवं तर, मी नाही म्हणणार नाही.

प्रश्न: सहा वर्षांचा नातू बरोबर असेल. त्याला चालवता तर येणार नाही, मग तो दिवसभर काय करेल? (स्लाव, इंग्लंड)

उत्तर: मुलांना गाडीत बसू देतात का हे आधी विचारा, काही ठिकाणी चालत्या गाडीत नाही बसू देत. बसू देत असतील तर त्याला कंडक्टर करा. रूटमास्टरच्या खालच्या मजल्यावर छताला लांब दोरी असते, ती ओढली की ड्रायव्हरच्या कॅबमध्ये घंटी वाजते, आणि नियम आपल्या एसटीसारखाच, एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तिकडे तीनचा पण अर्थ होता, गाडी भरली, पुढच्या स्टॉपला थांबू नका. आणि चार म्हणजे काहीतरी गडबड आहे.

चारचं त्याला सांगू नका.